खाडीकाठच्या घरासाठी नव्या खिडक्या : चौकट कशाची घ्यावी, काच कोणती आणि पाणी नेमके कुठून येते?

पामबीच_नेरूळ

नमस्कार. आमचे घर नेरूळला पाम बीच मार्गाच्या बाजूला, सातव्या मजल्यावर आहे. दिवाणखान्याची आणि एका झोपायच्या खोलीची खिडकी थेट पश्चिमेला उघडते. समोर रस्ता, त्यापुढे कांदळवन आणि मग ठाण्याची खाडी. मध्ये आडोसा म्हणून एकही इमारत नाही. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येणारी झड याच दोन खिडक्यांवर आदळत असते.

बिल्डरने बसवलेल्या मूळ खिडक्या ॲल्युमिनियमच्या, पावडर कोटिंग केलेल्या, दोन रुळांच्या आणि सरकत्या आहेत. खालच्या रुळात पांढरी, खरबरीत भुकटी साचते आणि पुसून काढली तरी काही आठवड्यांत पुन्हा दिसू लागते. कोपऱ्यांतल्या स्क्रूंची डोकी गंजून झडली आहेत आणि त्यांच्याभोवतीचा रंग पापुद्र्यासारखा फुगून सुटला आहे. चाके अडकल्यामुळे एक झडप उचलून सरकवावी लागते. मोठा पाऊस झाला की रूळ पाण्याने भरतो, ते पाणी आतल्या कट्ट्यावरून भिंतीवर ओघळते, आणि आता खिडकीखालच्या भिंतीला लोणा लागला आहे.

खिडक्या बदलण्याचे ठरवले असून वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून दर मागवले. एकाच्या मते खाडीजवळ यूपीव्हीसी, म्हणजे कडक पीव्हीसी प्लास्टिक, याशिवाय दुसरे काही टिकतच नाही. दुसऱ्याच्या मते यूपीव्हीसी पश्चिमेच्या उन्हात वाकते, म्हणून जाड ॲल्युमिनियमच घ्यावे. तिसऱ्याचा सगळा भर दुहेरी काचेवर आहे. सोसायटीची लेखी परवानगी मिळाली आहे. बाहेरून रंग पांढरा असावा आणि झडपांची विभागणी शेजारच्या घरांसारखी दिसावी, एवढीच अट आहे. खारी हवा, झड आणि पश्चिमेचे ऊन या तिन्हींचा विचार करून काय निवडावे, हे अनुभवी आणि जाणकार सदस्यांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

बेलापूर_सेक्टर८

आमच्याकडे पांढऱ्या यूपीव्हीसीच्या खिडक्या बसवून बरेच पावसाळे झाले आहेत. चौकट आहे तशीच आहे. पिवळी पडलेली नाही, वाकलेलीही नाही. मात्र ज्या पट्टीवर झडप बाहेर उघडते ती बिजागरीची पट्टी आणि हँडल या दोन्ही गोष्टी गंजल्यामुळे बदलाव्या लागल्या. तेव्हा चौकटीच्या चौकशीत जेवढा वेळ घालवाल तेवढाच लोखंडी सामानाच्या चौकशीतही घालवावा, असे मी सुचवेन.

धातुपृष्ठ

माझे काम धातूंवरील लेप आणि पृष्ठप्रक्रिया यांच्याशी संबंधित आहे, म्हणून आधी गंजाबद्दल लिहितो.

नवी मुंबईची खाडी आणि कुलाब्याचा किंवा वर्सोव्याचा किनारा यांत फरक आहे. मिठाचे सूक्ष्म तुषार मुख्यतः लाटा फुटतात तेथे तयार होतात, आणि खाडीत तशा लाटा फुटत नाहीत. त्यामुळे उघड्या अरबी समुद्रासमोरच्या घरापेक्षा तुमच्याकडे मीठ कमी येते. पण ते कमी येते म्हणून निश्चिंत राहता येत नाही, कारण ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातली हवा आणि ओहोटीच्या वेळी चिखलातून उठणारा गंधकाचा वायू हेही इथे मिठाच्या जोडीला असतात. या भागात घरातली पितळेची आणि चांदीची भांडी लवकर काळवंडतात, ते याच वायूमुळे.

मीठ कोरडे असताना फारसे काही करत नाही. साधे मीठ हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलेच पाणी ओढून घेते आणि विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचेही क्षार असतात आणि ते त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेला ओलावतात. म्हणजे पाऊस नसतानाही, एखाद्या दमट रात्री, तुमच्या चौकटीवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर असतोच. पावसाने धुतला जाणारा भाग यातून बराच सुटतो; छज्जाखालचा, रुळाच्या आतला, जाळीच्या मागचा भाग सुटत नाही, कारण तिथे मीठ साचते पण धुतले जात नाही. गंजाची सुरुवात नेमकी अशा आडोशाच्या जागी होते, आणि तुमच्या रुळातली पांढरी भुकटी हे त्याचेच लक्षण आहे. ते ॲल्युमिनियमचे गंजणे आहे. त्याला लालसर रंग येत नाही म्हणून लोक ते मळ समजून पुसत राहतात.

आता लेपाबद्दल. पावडर कोटिंग किती जाड आहे हे विक्रेता आवर्जून सांगतो, सहसा ६० ते ८० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास. जाडी आवश्यक आहेच, पण लेप टिकतो तो त्याच्याखाली धातू किती नीट धुऊन, खरवडून आणि रासायनिक प्रक्रिया करून घेतला होता यावर. ही पूर्वप्रक्रिया डोळ्यांना दिसत नाही, म्हणून काटकसर तिथेच होते. किनारी भागासाठी अधिक खोल खरवड करणारी वेगळी पूर्वप्रक्रिया असते. तिचे प्रमाणपत्र मागा आणि ते कोटिंग करणाऱ्या कारखान्याचे असावे, खिडकी जोडणाऱ्याचे नव्हे. पावडर कोटिंगऐवजी ॲनोडायझिंग, म्हणजे विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियमवरच तयार केलेला ऑक्साइडचा थर, घेणार असाल तर आयएस १८६८ या भारतीय मानकात जाडीनुसार श्रेणी दिल्या आहेत. त्यांतली २५ मायक्रॉनची श्रेणी मागावी. घरांसाठी सर्रास १० ते १५ मायक्रॉनचा माल दिला जातो, तो आतल्या बाजूच्या शहरांत ठीक असेल, तुमच्या पश्चिमेच्या भिंतीवर नाही.

आणखी एक गोष्ट जवळून पाहा. चौकटीच्या लांब पट्ट्या आधी रंगवल्या जातात आणि नंतर कोपऱ्यासाठी ४५ अंशांत कापल्या जातात. कापलेल्या कडेवर लेप नसतो. मीठ तिथून आत शिरते आणि रंगाखाली केसासारख्या बारीक, वळणावळणाच्या रेषा पसरत जातात. कोपरा जोडण्यापूर्वी प्रत्येक कापलेल्या कडेला सीलंट लावून घ्यायला कारागिराला सांगावे. हे काम काही मिनिटांचे आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

स्क्रूंबाबत माझे मत ठाम आहे : ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील. ३०४ आणि ३१६ यांत मुख्य फरक मॉलिब्डेनमचा असतो. ३१६ मध्ये ते २ ते ३ टक्के असते आणि मिठामुळे पडणाऱ्या खड्ड्यांना तेच रोखते. बाजारात २०२ नावाचा स्वस्त प्रकारही स्टेनलेस म्हणूनच विकला जातो. चुंबक लावून हा फरक कळत नाही, कारण तिन्ही प्रकार चुंबकाला जवळजवळ चिकटत नाहीत. मॉलिब्डेनम ओळखणारे थेंब मिळतात, त्यांनी खात्री करता येते. जस्ताचा मुलामा दिलेला साधा लोखंडी स्क्रू मात्र अजिबात चालवून घेऊ नका. पॉप रिव्हेट वापरत असतील तर त्याची आतली काडीही लोखंडी नको. बाहेरून ॲल्युमिनियमचे दिसणारे रिव्हेट आतल्या लोखंडी काडीमुळे गंजाचे ओघळ सोडते. आणि स्टेनलेस व ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना टेकतात तिथे नायलॉनचा वॉशर असावा, कारण खाऱ्या ओलाव्यात दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजते. तुमच्या स्क्रूंभोवतीचा रंग फुगला तो बहुधा याच कारणाने.

पामबीच_नेरूळ

अत्यंत उपयुक्त माहिती, मनापासून आभार. म्हणजे यूपीव्हीसी घेतल्यास गंजाचा प्रश्न मिटतो, असे समजावे का?

धातुपृष्ठ

चौकटीच्या बाहेरच्या पृष्ठभागापुरता मिटतो. यूपीव्हीसीच्या पोकळीत मजबुतीसाठी गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पोलादाची नळी किंवा पट्टी असते. ती ज्या कप्प्यात असते त्या कप्प्यातून पाणी निचरायची छिद्रे जाता कामा नयेत. ती बाजूच्या वेगळ्या कप्प्यातून गेली पाहिजेत. साइटवर घाईत कोणी ड्रिलने जास्तीचे छिद्र पाडले तर खारे पाणी थेट त्या पोलादापर्यंत पोहोचते. उन्हाच्या भीतीबद्दल सांगायचे तर पांढऱ्या रंगाच्या, टायटॅनियम डायऑक्साइडचे पुरेसे प्रमाण असलेल्या पट्ट्यांना आपल्याकडचे ऊन सोसते. गडद लाकडी रंगाचा पापुद्रा चिकटवलेल्या पट्ट्या अधिक तापतात आणि पश्चिमेला त्या मी टाळेन. सोसायटीने पांढऱ्या रंगाचीच अट घातली, हे तुमच्या पथ्यावर पडले आहे.

छज्जा_आणि_झड

मी वास्तुरचनाकार आहे आणि बेलापूर, नेरूळ, वाशी या पट्ट्यातील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे पाहतो. आतापर्यंतची चर्चा गंजावर झाली. तुमच्या भिंतीला लोणा लागला तो मात्र पाण्यामुळे, आणि माझ्या मते चौकट कशाची असावी यापेक्षा झडप सरकती असावी की उघडती, हा तुमच्यासाठी मोठा प्रश्न आहे.

सरकत्या खिडकीच्या रुळात पाणी का भरते, हे एकदा आकड्यांत पाहू. वारा भिंतीवर आदळला की त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात दाब निर्माण होतो. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयीच्या आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागातील सूत्रानुसार मीटर प्रतिसेकंद वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणले की पास्कलमध्ये दाब मिळतो. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाच्या वाऱ्यासाठी हा दाब २४० पास्कल येतो. दहा मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे ९८ पास्कल असतो. म्हणजे तसा वारा सुटला की रुळातले पाणी बाहेर जाण्याऐवजी सुमारे २४ मिलिमीटर वर ढकलून धरले जाते, कारण निचऱ्याच्या छिद्रातून वारा आत घुसत असतो आणि पाण्याला बाहेर पडू देत नाही. आता तुमच्या रुळाची आतली कड मोजून पाहा. बिल्डरच्या बहुतेक खिडक्यांत ती २४ मिलिमीटरपेक्षा कमीच भरते. मग पाणी घरात येणारच. छिद्रे कितीही साफ ठेवली तरी त्या झोताच्या वेळी त्यांचा उपयोग होत नाही.

हे काही अपवादात्मक वादळाचे गणित नाही. मुंबईतल्या इमारतींच्या रचनेसाठी त्याच मानकात धरलेला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि १७ मे २०२१ रोजी तौक्ते मुंबईजवळून उत्तरेकडे गेले, तेव्हा खाडीकडच्या खिडक्यांचे काय झाले हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

उघडत्या झडपेत परिस्थिती उलट असते. झडप बाहेरून चौकटीवर बसते, सभोवार रबराची पट्टी असते, आणि दोन-तीन ठिकाणी पकडणारे कुलूप झडपेला त्या रबरावर आवळते. सरकत्या खिडकीत झडप हलायची असल्यामुळे तिथे रबर आवळता येत नाही. केसाळ ब्रशची पट्टी असते, आणि ती वारा, पाणी व आवाज या तिघांनाही थोडी वाट देतेच. म्हणून थेट खाडीसमोरच्या दोन खिडक्या उघडत्या घ्याव्यात, आणि घराच्या आतल्या बाजूच्या, चौकाकडे उघडणाऱ्या खिडक्या हव्या असल्यास सरकत्या ठेवाव्यात, असे मी सुचवेन. सगळ्या घराला एकच प्रकार घेण्याचे काही कारण नाही.

दिवाणखान्याची खिडकी मोठी असल्यास मधला भाग न उघडणारा, स्थिर काचेचा आणि दोन्ही बाजूंना उघडत्या झडपा, ही रचना मला सर्वांत पसंत आहे. स्थिर काचेतून पाणी येण्याची शक्यता सर्वांत कमी असते. यूपीव्हीसीच्या चौकटी रुंद असतात आणि देखाव्याचा काही भाग खातात. मोठ्या काचेला सडपातळ चौकट हवी असेल तर चांगल्या दर्जाचे ॲल्युमिनियम सरस ठरते. उष्णतेने प्रसरण पावण्याचा फरकही लक्षात घ्या : ३० अंशांच्या फरकाला दोन मीटर ॲल्युमिनियम दीड मिलिमीटरच्या आत वाढते, तर यूपीव्हीसी सुमारे चार मिलिमीटर. ती जागा भिंत आणि चौकटीच्या मध्ये सोडली नाही, तर दुपारी झडप अडकते आणि सकाळी सैल होते. तुमच्या विक्रेत्याने सांगितलेले वाकणे बऱ्याचदा हे असते.

पामबीच_नेरूळ

आपण सांगितल्याप्रमाणे आत्ताच मोजपट्टी लावून पाहिली. रुळाची आतली कड १८ मिलिमीटर आहे. इतकी वर्षे आम्ही छिद्रे साफ करत होतो, त्याचा उपयोग का होत नव्हता हे आता कळले.

दोन अडचणी आहेत. झडपा बाहेर उघडल्या तर सध्याचे गज आड येतात, कारण ते भिंतीच्या रेषेतच आहेत. आणि सातव्या मजल्यावर बाहेर उघडलेल्या झडपेची काच बाहेरून पुसायची कशी?

छज्जा_आणि_झड

दुसरी अडचण सोपी आहे. ज्या बिजागरीच्या पट्टीवर झडप उघडताना थोडी आतल्या कडेला सरकते आणि हात जाईल एवढी फट राहते, ती पट्टी मागावी. विक्रेते तिला साफसफाईची पट्टी म्हणून ओळखतात. गजांसाठी दोन मार्ग आहेत. एक तर गज आतल्या बाजूला घ्यावेत, किंवा आत उघडणाऱ्या झडपा घ्याव्यात. आत उघडणाऱ्या झडपेला पडदा आणि फर्निचर यांची अडचण होते, आणि पावसात ती उघडली की तिच्यावरचे पाणी जमिनीवर ठिबकते. मी पहिला मार्ग घेईन.

वाशी_सागरविहार

काच, गज आणि डास यांविषयी लिहिते, कारण आमच्या घरात लहान मुलेही आहेत आणि ज्येष्ठही.

काचेच्या बाबतीत वरच्या मजल्यांवर टफन्ड (तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली) काच सर्रास सुचवली जाते. ती फुटल्यावर बारीक तुकडे होतात आणि धारदार सुळे पडत नाहीत, हे खरे आहे. पण ते तुकडे सातव्या मजल्यावरून खाली पडतात. लॅमिनेटेड काचेत दोन काचांच्या मध्ये पातळ पारदर्शक पापुद्रा असतो, त्यामुळे ती तडकली तरी चौकटीत टिकून राहते. ज्या खिडकीखाली माणसांची ये-जा आहे आणि जिथे मूल काचेला टेकून उभे राहते, तिथे मी लॅमिनेटेडच घेईन. शक्य असल्यास दोन्ही काचा टफन्ड करून लॅमिनेट केलेली. मात्र लॅमिनेटेड काचेची कड पाण्यात बुडून राहिली तर पापुद्रा कडेने पांढुरका होत सुटू लागतो. काच तळाला थेट टेकवू नये. खाली ठोकळे देऊन ती उचललेली असावी आणि साचलेले पाणी निघून गेले पाहिजे. टफन्ड काच बनल्यानंतर कापता येत नाही, म्हणून मापे चौकट ठरल्यावरच घ्यावीत.

गज आत घेण्याच्या सूचनेला माझे अनुमोदन आहे. भिंतीत रोवलेला साधा लोखंडी गज खाऱ्या हवेत फुगतो आणि आजूबाजूचे काँक्रीटही फोडतो. नवे गज ३१६ स्टेनलेसचे असावेत, आणि कोणत्या तरी एका खिडकीचे गज कडी काढून उघडता आले पाहिजेत. आग लागली तर बाहेर पडायला तीच वाट असते. किल्ली शोधत बसावे लागेल असे कुलूप तिथे लावू नका. मुलांच्या हाताला न लागणारी, पण मोठ्यांना अंधारातही उघडता येणारी कडी हवी.

कांदळवनाजवळ राहणाऱ्यांना डासांविषयी वेगळे सांगायला नको. उघडत्या झडपेला आतून सरकणारी किंवा घड्यांची जाळी बसवता येते. घड्यांची जाळी दिसायला छान असते, पण तिचे दोरे वारंवार ताणले जाऊन तुटतात, विशेषतः लहान मुलांच्या घरात. फायबरग्लासची जाळी गंजत नाही, फाटली तर बदलणे सोपे जाते. स्टेनलेसची घेतल्यास पुन्हा ३१६ चाच आग्रह धरा, कारण बारीक तारेला खायला मिठाला वेळ लागत नाही.

शेवटचे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. नव्या खिडक्या घट्ट बसतात. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर तिथली जुनी झरोक्याची खिडकी काढून घट्ट खिडकी बसवू नका. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध होतो. स्वयंपाकघरातही कायम उघडी राहणारी वायुवीजनाची जागा ठेवा. खिडकीवाला मापे घ्यायला आला की आपणहून हे कधी विचारत नाही. आपणच त्याला बजावले पाहिजे.

कोलशेत_जुनेघर

मी ठाण्याला कोलशेतच्या खाडीजवळ राहतो. सगळ्यांचा कल सगळे काढून नवे बसवण्याकडे दिसतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. चौकट सरळ असेल तर चाके, ब्रशच्या पट्ट्या आणि स्क्रू बदलून, रूळ खरवडून धुऊन घेतला तर त्याच खिडक्या आणखी काही वर्षे सहज निघतात. मूळ चौकट काढताना भिंत फुटते, गिलावा नव्याने करावा लागतो आणि जोड नीट झाला नाही तर पूर्वी नव्हती अशी गळती सुरू होते. आमच्या कोकणातल्या घरी सागाच्या खिडक्या आणि पितळी बिजागऱ्या आहेत. दर पावसाळ्याआधी तेलाचा हात दिला की त्या आजही चालतात. देखभाल हा शब्द या चर्चेत अजून कोणी उच्चारलेला नाही, याचे मला वाईट वाटते.

छज्जा_आणि_झड

काका, देखभालीबद्दल आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे, आणि ज्या खिडक्यांवर थेट झड येत नाही त्यांच्यासाठी आपला सल्ला योग्यच आहे. घरातील अशा खिडक्या मूळ धागाकर्त्यांनी जरूर दुरुस्त करून ठेवाव्यात. पण पश्चिमेच्या दोन खिडक्यांत रुळाची कडच १८ मिलिमीटर आहे. चाके बदलल्याने ती उंच होणार नाही. शिवाय कोपऱ्यांतले स्क्रू झडून गेले आहेत, त्यामुळे चौकट आता काटकोनात असण्याची शक्यताही कमी. सागवान खरोखरच उत्तम टिकते, मात्र त्यासाठी वर खोल छज्जा आणि दरवर्षी तेल, दोन्ही लागतात. सातव्या मजल्यावर बाहेरून तेलाचा हात देणे जमण्यासारखे नाही.

साइटवरचा

मी खिडक्या बसवण्याचे काम करून घेतो, म्हणून फक्त बसवण्याबद्दल सांगतो. गळतीच्या ज्या तक्रारी आमच्याकडे येतात त्यांतल्या बहुसंख्य चौकटीतून नसतात, चौकट आणि भिंत यांच्या सांध्यातून असतात.

जुनी चौकट काढल्यावर खालचा कट्टा तपासा. बहुतेक ठिकाणी ग्रॅनाइट किंवा मार्बलची पट्टी सपाट असते, काही ठिकाणी तर आतल्या बाजूला उतरती. ती काढून बाहेरच्या बाजूला स्पष्ट उतार देऊन नव्याने बसवावी. बाहेर आलेल्या कडेला खालून एक खाच असावी, म्हणजे पाणी तिथेच ठिबकते आणि भिंतीवरून मागे येत नाही. पट्टी बसवण्याआधी खाली आणि दोन्ही बाजूंना वर वळवून जलरोधक लेप द्यावा. लोणा लागलेली भिंत आधी खरवडून, सुकू देऊन मगच गिलावा करावा. ओल्या भिंतीवर पुट्टी मारून रंग दिला तर पुढच्या पावसात तो पोपडे धरून सुटेल.

चौकट आणि भिंतीमधली फट पीयू फोमने (फुगून घट्ट होणाऱ्या पॉलियुरेथेनच्या फेसाने) भरतात आणि काम संपले असे सांगतात. फोम हा भराव आहे, तो पाणी अडवत नाही. फोमनंतर बाहेरच्या बाजूला फटीत गोल फोमची दोरी आणि तिच्यावर हवामान सोसणारे न्यूट्रल सिलिकॉन, असा क्रम हवा. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते इथे वापरू नका. ते आम्ल सोडते, सिमेंटला नीट धरत नाही आणि धातूलाही खाते. ॲल्युमिनियमची चौकट घेतली तर तिच्यावरची संरक्षक पट्टी गिलावा संपेपर्यंत काढू देऊ नका, कारण ओले सिमेंट लागले की ॲल्युमिनियमवर कायमचे डाग पडतात.

सातव्या मजल्यावर बाहेरचे सिलिकॉन आतून हात काढून भरले जाते आणि खालची कड राहून जाते. त्यासाठी झुला लागतो. सोसायटीच्या रंगकामाची परांची लागणार असेल तर त्याच वेळी काम काढावे, खर्चही वाचतो. आणि शेवटचे पैसे देण्याआधी पाण्याची चाचणी घ्या : खालच्या सांध्यापासून सुरुवात करून नळीने पाणी मारावे, प्रत्येक टप्प्याला काही वेळ थांबून आत हात फिरवून पाहावा, मग बाजू, मग वर. वरून सुरुवात केली तर पाणी कुठून आले हे कळत नाही.

उलवे_किनारा

दुहेरी काचेचा विषय राहिला. नवा विमानतळ सुरू झाल्यापासून उलव्यात हा प्रश्न घरोघरी आहे. फक्त आवाजासाठी दुहेरी काच घेत असाल तर सारख्या जाडीच्या दोन पातळ काचा आणि मध्ये अरुंद पोकळी, अशा रचनेने फार फरक पडत नाही. दोन काचांची जाडी वेगळी असावी, किंवा एकेरी पण जाड लॅमिनेटेड काच चांगल्या रबरासह घ्यावी. दुहेरी काचेच्या कडेचा सील ओलाव्यात सतत भिजत राहिला तर पोकळीत बाष्प शिरते आणि ते पुसता येत नाही. अख्खे युनिट बदलावे लागते. दिवसभर एसी चालत नसेल, खिडक्या बहुतेक वेळ उघड्याच राहत असतील, तर त्या पैशात मी आधी चांगले कुलूप आणि बिजागऱ्या घेईन. पश्चिमेच्या उन्हासाठी बाहेरचा छज्जा किंवा सौर उष्णता अडवणारी लेप दिलेली काच जास्त उपयोगी पडते.

पामबीच_नेरूळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरी चर्चा करून पुढीलप्रमाणे ठरवले आहे. दिवाणखान्याला मध्ये स्थिर काच आणि दोन बाजूंना बाहेर उघडणाऱ्या झडपा, चौकट ॲल्युमिनियमची, किनारी पूर्वप्रक्रियेच्या प्रमाणपत्रासह पांढरे पावडर कोटिंग. झोपायच्या खोलीची खिडकी लहान असल्यामुळे तिथे पांढरे यूपीव्हीसी. दोन्ही ठिकाणी लॅमिनेटेड काच, ३१६ चे स्क्रू आणि बिजागऱ्या, गज आतल्या बाजूला. स्वयंपाकघराची आणि मागच्या खोलीची खिडकी काकांच्या सूचनेप्रमाणे दुरुस्त करून ठेवणार आहोत, आणि न्हाणीघराचा झरोका आहे तसाच राहील. स्क्रूंचा दर्जा, कडांचे सीलंट, कट्ट्याचा उतार आणि पाण्याची चाचणी या चार गोष्टी करारात लिहून घ्यायच्या असे ठरले. आश्चर्य म्हणजे पाण्याची चाचणी करारात घालायला एका विक्रेत्याने स्पष्ट नकार दिला, त्यामुळे निवड सोपी झाली.

देखभालीबद्दल मात्र एक प्रश्न उरतो : खाऱ्या हवेत या चौकटी किती वेळा आणि कशाने धुवाव्यात?

धातुपृष्ठ

पावसाळ्यात बाहेरचा उघडा भाग आपोआप धुतला जातो. ऑक्टोबर ते मे या काळात दर महिना-दोन महिन्यांनी गोड्या पाण्याने धुवावे. पाण्यात अगदी थोडा सौम्य साबण चालेल, पण शेवटी साध्या पाण्याने पुसून घ्यावे. पाऊस पोहोचत नाही ती जागा, म्हणजे छज्जाखालची वरची पट्टी, बिजागऱ्यांचे सांधे, जाळीची मागची बाजू आणि आत घेतलेले गज, यांना पावसाळ्यातही धुवावे लागेल. बिजागरीच्या सांध्यांना पाणी सुकल्यावर सिलिकॉनचे वंगण द्या. फरशीचे ॲसिड आणि ब्लीच यांना खिडकीजवळ येऊ देऊ नका. न्हाणीघरात ॲसिड वापरून दार उघडे ठेवले तरी त्याची वाफ शेजारच्या स्टेनलेसवर तपकिरी डाग आणते. आणि काम मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पूर्ण होईल असे पाहा, म्हणजे पहिल्या सरीआधी भिंतीचा गिलावा सुकेल, सिलिकॉन पूर्ण धरेल आणि नळीची चाचणी घेऊन काही राहिले असल्यास ते दुरुस्त करायला हाताशी दिवस राहतील.